सीलच्या आतला माणूस

‘एस्किमो’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात भेटलेला असतो. बर्फाचं घर, कुत्र्यांची घसरगाडी, केसाळ टोपीतून डोकावणारा हसरा चेहरा, एवढ्यावर आपली ओळख संपते. कॅनडातल्या या लोकांना मात्र ते नाव आवडत नाही. ते स्वतःला ‘इनुइट’ म्हणवतात. एक असेल तर ‘इनुक’ आणि अनेक असतील तर ‘इनुइट’. अर्थ अगदी साधा आहे : माणूस आणि माणसं. आज मला तुम्हाला त्यांच्या दगडी शिल्पांविषयी सांगायचं आहे. पण या शिल्पांचं कोडं ‘माणूस’ या शब्दापाशीच सुटतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

ही शिल्पं बहुधा लहान असतात. पुष्कळशी दोन हातांत सहज मावतील एवढी. करडा, काळा किंवा हिरवट दगड, त्यावर मेणाची मंद चकाकी. विषय ओळखीचे : बर्फावर पसरलेला सील, चालतं अस्वल, घुबड, भाला उगारलेला शिकारी, पाठीवरच्या मोठ्या टोपीत मूल घेतलेली आई. त्यांच्यात एक प्रकार मात्र असा आहे, की तो पाहताना आपण थबकतो. अस्वल मागच्या पायांवर उभं आहे, आणि पंजे पाहायला जावं तर ती माणसाची बोटं निघतात. पक्ष्याच्या पोटावर माणसाचा चेहरा असतो. एखादी बाई कमरेच्या खाली मासा होऊन वळलेली असते. एखाद्या म्हाताऱ्याच्या ओठांतून वॉलरसचे सुळे आलेले असतात. दालनातल्या चिठ्ठीवर याला ‘ट्रान्स्फॉर्मेशन’, म्हणजे रूपांतर, एवढंच लिहिलेलं असतं. पाहणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. एस्किमोंची कल्पनाशक्ती चांगली आहे, असं त्याला वाटतं.

अर्धा माणूस, अर्धा प्राणी हे आपल्यालाही नवीन नाही. नरसिंह आहे, वराह आहे, गणपती तर घरचाच. त्यामुळे ही शिल्पं पाहताना आपलं मन चटकन तिकडे वळतं. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. नरसिंह खांबातून एकदाच येतो, एका कामासाठी येतो, आणि येतो तो देव. इनुइट शिल्पातलं अस्वल देव नाही. ते शेजारी आहे. त्याची शिकार करायची आहे, त्याचं मांस खायचं आहे, आणि संधी मिळाली तर तेही तुम्हाला खाणार आहे. अशा शेजाऱ्याशी संबंध कसे ठेवायचे, हा या शिल्पांमागचा खरा प्रश्न आहे.

इनुइट भाषेत ‘इनुक’पासून आणखी एक शब्द होतो : ‘इनुआ’. त्याचा अर्थ ‘त्याचा माणूस’. जुन्या समजुतीप्रमाणे प्रत्येक प्राण्याला, कधी कधी जागेला किंवा वस्तूलासुद्धा, त्याचा इनुआ असतो. सीलच्या कातड्याच्या आत सीलचा माणूस आहे. अस्वल आपल्या घरी गेलं, की अंगावरचं कातडं कोटासारखं काढून ठेवतं आणि माणसासारखं बसतं, अशा गोष्टी तिथे सांगतात. यात निरीक्षणही आहे. कातडं सोललेलं अस्वल माणसाच्या देहासारखं दिसतं, हे शिकाऱ्यांनी पाहिलेलं होतं. बर्फातल्या भोकाशी सील श्वास घ्यायला वर येईल म्हणून अस्वल तासन् तास निश्चल बसतं. इनुइट शिकारीही तसाच बसतो. एकाच भोकावर, एकाच भक्ष्यासाठी, एकाच पद्धतीने बसणारे दोघे परस्परांना अगदी परके कसे राहतील?

आता या मुलखाचा विचार करा. झाड नाही, शेती नाही. शाकाहार हा तिथे कधी पर्यायच नव्हता. सीलचं मांस खायचं, त्याच्या चरबीवर दिवा लावायचा, त्याच्या कातड्याचे बूट आणि नाव करायची. १९२१ ते १९२४ या काळात क्नुड रासमुसेन हा संशोधक कुत्र्यांच्या घसरगाडीवरून या प्रदेशात हिंडला. तो स्वतः ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि लहानपणापासून त्यांची भाषा बोलणारा. त्यामुळे लोक त्याच्याशी मोकळेपणी बोलले. आपण जे जे खातो त्या सगळ्यांना आत्मा आहे आणि जगण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे, असं तिथल्या जाणत्यांनी त्याला सांगितलं. मारल्याशिवाय जगता येत नाही, आणि मारलेला तर माणूस आहे. हे ओझं हलकं करायला रीतिभाती होत्या. मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालत. बिचारा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला, तहानलेला असणार. पाणी मिळालं, मान मिळाला, तर तो पुन्हा नव्या कातड्यात परत येईल आणि आपल्या हाती लागेल, अशी त्यामागची भावना.

माणसामाणसांतल्या सीमासुद्धा या लोकांनी पातळच ठेवल्या आहेत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. इनुइट त्याच्या एक पाऊल पुढे जातात. नावाबरोबर मृत व्यक्तीचं काहीतरी बाळात येतं असं ते मानतात, आणि हाकही त्या नात्याने मारतात. आजीचं नाव मिळालेल्या लेकीला तिची आई ‘आई’ म्हणते. जिथे मुलगी एकाच वेळी लेक आणि आई असू शकते, तिथे अस्वल एकाच वेळी अस्वल आणि माणूस असायला काय हरकत आहे?

या शिल्पांत पुनःपुन्हा येणाऱ्या तीन गोष्टी सांगते.

पहिली समुद्राच्या बाईची. तिची नावं प्रांतोप्रांती वेगळी आहेत : सेडना, नुलिआयुक, तालीलायू. कथेचे तपशीलही बदलतात, पण गाभा एकच. एक मुलगी माणसाच्या वेषात आलेल्या पक्ष्याशी लग्न करून फसते. बाप तिला नावेतून परत आणत असतो, तेवढ्यात पक्षी वादळ उठवतो. घाबरलेला बाप स्वतःचा जीव वाचवायला मुलीला पाण्यात लोटतो. ती नावेची कड धरून लोंबकळते, तर तो तिची बोटं तोडतो. तुटलेल्या बोटांच्या पेरांतून सील, वॉलरस, व्हेल जन्माला येतात. ती स्वतः तळाशी जाऊन बसते आणि समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांची मालकीण होते. वर माणसांनी नियम मोडले, की त्यांचा मळ खाली जाऊन तिच्या केसांत अडकतो. बोटं नसल्यामुळे तिला केस विंचरता येत नाहीत. ती रागावते, प्राणी अडवून धरते, आणि वर उपासमार सुरू होते.

दुसरी गोष्ट लुमाक नावाने ओळखली जाणारी. एका आंधळ्या मुलाला त्याची आई फसवते. त्याने मारलेल्या अस्वलाचं मांस त्यालाच देत नाही. लून नावाचा पाणपक्षी त्याला पाण्यात बुड्या मारायला लावून दृष्टी परत देतो. पुढे व्हेलच्या शिकारीत मुलगा भाल्याच्या दोरीचं टोक आईच्या कमरेला बांधतो आणि मोठ्या व्हेलवर भाला फेकतो. ती ओढली जाते, समुद्रात नाहीशी होते आणि नारव्हेल बनते. या नारव्हेलच्या तोंडातून पिळदार लांब सुळा निघतो, तो तिच्या वेणीचा झाला असं सांगतात.

तिसरी कोल्हीण बायकोची. किविउक नावाचा एक भटक्या वीर आहे. शिकारीहून परत आल्यावर त्याला आपलं घर रोज आवरलेलं दिसतं. एक दिवस तो लपून पाहतो, तर एक कोल्हीण येते, कातडं काढून वाळत घालते आणि बाई होऊन कामाला लागते. तो कातडं लपवतो आणि तिच्याशी संसार मांडतो. मग एक दिवस कुणीतरी तिच्या अंगाच्या वासाबद्दल बोलतं, आणि ती कातडं चढवून निघून जाते.

तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर लक्षात येतं, की इथे रूपांतर चमत्कार म्हणून होत नाही. बापाने दगा दिला, आईने फसवलं, पाहुण्याने अपमान केला. नातं तुटलं तिथे माणसाचा प्राणी झाला. म्हणजे समोर पोहणारा सील ही कुणाच्या तरी दुखावलेपणाची खूण आहे. त्याच्याशी जपून वागायला हवं.

तुटलेलं जोडणं हे ‘अंगाक्कुक’चं काम. इंग्रजीत त्याला शामान म्हणतात. आपल्याकडच्या भगताशी किंवा देवऋषीशी त्याचं थोडं साम्य आहे. तो ढोलाच्या तालावर भान हरपतो, मदतनीस प्राणी-आत्म्यांना बोलावतो, अस्वलाचं किंवा पक्ष्याचं रूप घेऊन प्रवासाला निघतो. उपासमारीच्या काळात त्याची सर्वांत अवघड कामगिरी म्हणजे समुद्राच्या तळाशी जाणं. तिथे तो त्या रागावलेल्या बाईशी लढत नाही. तिचे केस विंचरतो, गुंता सोडवतो, वेणी घालतो. मग ती शांत होते आणि प्राणी सोडते. एका अख्ख्या गावाची भूक केस विंचरण्याने भागते, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

मी असं शिल्प पाहते तेव्हा तीन जागा शोधते. आधी हात. बदल पुष्कळदा टोकांपासून सुरू होतो : बोटांचे वल्ह्यासारखे पर होतात, दंडाचे पंख होतात, तोंडात सुळे येतात. सुळे दिसले की हा साधा माणूस नाही, प्रवासाला निघालेला अंगाक्कुक आहे, असं बहुधा समजावं. मग डोळे. काही शिल्पकार मुद्दाम दोन डोळे वेगळे करतात, एक मोठा, एक बारीक, एक गडद, एक फिका. एक डोळा इथलं पाहतो आणि दुसरा तिथलं, असं मला वाटतं. शेवटी पाठ. आपण मूर्ती समोरून पाहतो, कारण ती गाभाऱ्यात बसलेली असते. इनुइटांचं जुनं कोरीवकाम वॉलरसच्या सुळ्यातलं, मुठीत धरून फिरवण्याचं. त्याला बैठक नसे, पुढची-मागची बाजू नसे. ती सवय दगडातही उतरली. समोरून सील दिसतो, वळवलं की बाई दिसते. मधला क्षण पाहणाऱ्याच्या हातात घडतो.

ही परंपरा किती जुनी? इनुइटांच्याही आधी याच भागात दुसरे लोक राहत होते. पुरातत्त्वज्ञ त्यांना डॉर्सेट म्हणतात आणि इनुइट त्यांना ‘तुनिइत’ म्हणतात. इग्लूलिक परिसरात त्यांची सुळ्यात कोरलेली छोटी अस्वलं मिळाली आहेत. ती हवेत तरंगत असावीत तशी लांबवलेली आहेत, आणि अंगावर आतल्या हाडांच्या रेषा कोरलेल्या आहेत. हे लोक इनुइटांचे थेट पूर्वज नव्हते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातूनही दिसलं. तरीही त्याच बर्फावर, त्याच अस्वलासमोर, त्यांनाही कातड्याच्या आतलं काहीतरी दिसत होतं.

मात्र आज आपण दालनांत पाहतो ती दगडी शिल्पं एवढी जुनी नाहीत. दगड इनुइटांच्या घरात होताच, पण दिव्याच्या रूपाने. मराठीत ज्याला शंखजिरे म्हणतात, ज्याची पूड टाल्कम पावडरीत असते, त्या कुळातला मऊ दगड कोरून ते अर्धचंद्राकृती दिवा करत. त्यात सीलचं तेल आणि शेवाळाची वात. उजेड, ऊब, स्वयंपाक, बर्फ वितळवून पिण्याचं पाणी, सगळं त्यावर. जेम्स ह्यूस्टन हा तरुण कॅनेडियन चित्रकार १९४८ मध्ये हडसन उपसागराच्या काठी इनुकजुआकला पोहोचला आणि तिथलं छोटं कोरीवकाम पाहून हरखला. त्याने वस्तू गोळा केल्या, आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये माँट्रियलला त्यांचं विक्री-प्रदर्शन भरलं. तीन दिवसांत सगळं खपलं. १९५३ मध्ये लंडनला प्रदर्शन झालं. १९५९ मध्ये केप डॉर्सेट या गावी कलावंतांची सहकारी संस्था उभी राहिली. या गावाने २०२० मध्ये आपलं मूळ नाव, किनगाइत, अधिकृतपणे परत घेतलं.

ह्यूस्टन पोहोचला तो काळ इनुइटांसाठी फार वाईट होता. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचा भाव कोसळला होता. क्षयरोगाने घरं रिकामी होत होती, रुग्णांना जहाजांतून दक्षिणेच्या इस्पितळांत नेलं जात होतं. फिरती वस्ती सोडून लोकांना कायमच्या गावांत बसवलं जात होतं, आणि मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांच्या भाषेपासून तोडलं जात होतं. मिशनऱ्यांच्या प्रभावाने बहुतेक लोक ख्रिस्ती झाले होते. अंगाक्कुकचं नाव काढणं पाप ठरलं होतं, ढोल बऱ्याच ठिकाणी गप्प झाले होते. आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इनुइटांना आडनावं नव्हती, म्हणून सरकारने १९४१ पासून त्यांना क्रमांक दिले. ‘ई’ किंवा ‘डब्ल्यू’ अक्षर आणि पुढे आकडे, गळ्यात घालायच्या छोट्या बिल्ल्यावर छापलेले. १९७०च्या आसपास आडनावं नोंदवली जाईपर्यंत हे चाललं. १९५० आणि ६०च्या दशकांतलं एखादं शिल्प उलटं करून पाहिलं, तर तळाशी कलावंताचा हा क्रमांक कोरलेला सापडतो.

क्षणभर या तळाचा आणि वरच्या भागाचा एकत्र विचार करा. तळाशी सरकारने माणसाला दिलेला नंबर आहे. वर त्याच माणसाने सीलला दिलेला चेहरा आहे. ज्यांना कागदोपत्री नाव उरलं नव्हतं, ते लोक दगडात सांगत होते की सीलसुद्धा माणूस आहे. चर्चमध्ये बोलता येत नव्हतं, शाळेत बोलू दिलं जात नव्हतं, ते कोरता येत होतं. कोरलेल्या अस्वलाबद्दल पाद्र्याची तक्रार नव्हती, कारण ते विकायला जाणार होतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ही कला बाजारासाठीच जन्मली, मग ती खरी कशी? १९५१ मध्ये कॅनडात एक पुस्तिका काढून इनुइटांना वाटली गेली होती. विकल्या जातील अशा वस्तूंची चित्रंच तिच्यात होती. एडमंड कार्पेंटर या मानववंशशास्त्रज्ञाने तर ही कला पाश्चात्त्यांनी घडवलेली आहे अशी कठोर टीका केली. रूपांतराची शिल्पं गोऱ्या ग्राहकाला गूढ वाटतात म्हणून जास्त खपतात, हेही खरं. १९६७ मध्ये पुविर्निटुक गावात नेल्सन ग्रेबर्न या अभ्यासकाने स्पर्धा ठेवली : आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी कोरा. एली सालुआलू या शिकाऱ्याने हात, पाय, चेहरे एकमेकांत विरघळलेले असे आकार कोरून आणले, की पाहणारे चकित झाले. मागणी बाहेरून आली होती. पण मागणीने फक्त दार उघडलं. त्यातून जे बाहेर आलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. आपल्याकडेही मूर्तिकार पैसे घेऊनच मूर्ती घडवत आला आहे. त्यामुळे तिच्यातला भाव खोटा ठरत नाही.

‘दगडात लपलेलं जनावर शिल्पकार मोकळं करतो’ हे वाक्य विक्रेते फार आवडीने सांगतात. प्रत्यक्ष काम बरंच खडतर आहे. दगड खाणीतून काढून उन्हाळ्यात बोटीने, हिवाळ्यात बर्फावरून आणावा लागतो. किनगाइतकडे हिरवा, कठीण सर्पेंटाइन मिळतो, क्वेबेकच्या उत्तरेला करडा मऊ दगड, हडसन उपसागराच्या पश्चिमेला काळा, छिन्नीला दाद न देणारा. कुऱ्हाड, करवत, कानस आणि अलीकडे विजेचा ग्राइंडर. पूड फुप्फुसात जाते, काही दगडांत तर अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, म्हणून काम घराबाहेर, कडाक्याच्या थंडीत करायचं. दगडाला चीर गेली तर आठवड्याची मेहनत वाया. रूपांतराचा आकार कधी कधी दगडच ठरवतो : अस्वलाचा पाय तुटला, तर उरलेल्यातून पंख काढावा लागतो.

जिथे चांगला दगड नाही तिथे जुनं, वाऱ्यापावसाने सच्छिद्र झालेलं व्हेलचं हाड वापरलं जाई. तालोयोआकचा कारू आशेवाक हा या माध्यमातला अद्भुत कलावंत. १९४०चा जन्म, १९७४ मध्ये घराला लागलेल्या आगीत मृत्यू. हाती जेमतेम पाच-सहा वर्षं आली आणि त्याने अडीचशेच्या आसपास शिल्पं केली. वाकडी तोंडं, फुगलेल्या नाकपुड्या, विजोड डोळे. ती भीतिदायक आहेत आणि त्याच वेळी हसवतातही. ‘शामानचं येणं आणि जाणं’ या शिल्पात मरू घातलेल्या अंगाक्कुकमधून नवा बाहेर येतो. अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणासाठी कायदा केला, आणि व्हेलच्या हाडाच्या शिल्पांना तिथली बाजारपेठ बंद झाली. त्यांतलं हाड किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं जुनं होतं, तरीही.

पुढच्या पिढीने रूपांतर आपल्या काळात आणलं. डेव्हिड रुबेन पिक्तूकुन १९५०चा. पाच वर्षांचा असताना त्याला निवासी शाळेत नेलं गेलं. अंगाक्कुकच्या गोष्टी त्याने मोठेपणी घरच्या म्हाताऱ्यांकडून परत मिळवल्या आणि दगडात आणल्या. मानासी आक्पालियापिकने व्हेलच्या हाडात एक माणसाचा चेहरा कोरला आहे. त्याच्या कवटीतून पंख किंवा सुळा येत नाही, दारूची बाटली येते. रीत जुनीच आहे, फक्त माणसाचा ताबा घेणारी शक्ती बदलली आहे. किनगाइतची ओविलू तुनिली लहानपणी क्षयाने दक्षिणेच्या इस्पितळात राहिलेली. तिने इस्पितळाची आठवणही कोरली आणि डोकं खाली करून खोल पाण्यात सूर मारणारी सेडनाही कोरली. इग्लूलिकच्या झकारायस कुनुकने १९८१ मध्ये माँट्रियलला आपली तीन शिल्पं विकली आणि त्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेतला. २००१ मध्ये कान महोत्सवात पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळवणारा ‘अतानारजुआत’ त्याचाच. २००६ मध्ये त्याने नॉर्मन कोहनसोबत, रासमुसेनला भेटलेल्या आवा या अंगाक्कुकवर चित्रपट केला. धर्म बदलताना आवा आपल्या मदतनीस आत्म्यांना निरोप देतो आणि ते रडत बर्फावरून दूर जातात, असा त्याचा शेवट आहे.

हे सगळं इतिहासजमा असतं तर मी इतकं बोलले नसते. पण प्रश्न अजून जिवंत आहे. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट पिल्लं मारत नव्हते. ते मोठ्या, वेगळ्या जातीच्या सीलची शिकार करत होते. पण भाव सगळ्याच कातड्यांचा कोसळला. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलपासूनच्या सर्वच मालावर बंदी घातली आणि इनुइटांना सूट ठेवली. ग्राहकच उरला नाही तेव्हा सुटीचा उपयोग थोडा. अलेथिया आर्नाकुक-बॅरिल या इनुइट दिग्दर्शिकेने २०१६ मध्ये ‘अँग्री इनुक’ या माहितीपटात हीच व्यथा मांडली. दिवाणखान्यात ठेवायला दगडाचा सील हवा असतो. त्याच शिल्पकाराने मारलेल्या सीलचं कातडं नको असतं. शहरातल्या प्राणिप्रेमाला सील गोंडस वाटतो. इनुइटांना तो माणूस वाटतो, आणि म्हणून मारताना ते त्याला पाणी पाजत होते. या दोन भावनांत कोणती अधिक आदराची, याचं उत्तर मला दुकानातून आणलेलं मांस खाणाऱ्या माणसाकडून ऐकायला आवडेल.

मार्च २०२१ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात ‘कौमायुक’ नावाचं इनुइट कलेचं केंद्र उघडलं. नावाचा अर्थ ‘उजेड आहे’. विनिपेगचा इनुइट कलेचा संग्रह जगातला सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह मानला जातो. सुमारे १४,००० कलाकृती आहेत. त्यांतली हजारो शिल्पं तीन मजली काचेच्या कोठारात, एकाला एक लागून, उघडी दिसतील अशी मांडली आहेत. पूर्वी गोदामात, अंधारात, क्रमांक लावून ठेवलेली ही जमात आता रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. इनुइट भाषेत कोरीवकामाला ‘सनान्गुआक’ म्हणतात. हाताने केलेली छोटी प्रतिकृती, असा काहीसा त्याचा अर्थ. ‘कला’ या आपल्या शब्दाला नेमका जुळणारा जुना शब्द त्या भाषेत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज कॅनडात आहेत. तुमचं तिकडे जाणं झालं, तर एखाद्या दालनात या शिल्पांसमोर थोडं जास्त थांबा. खरेदी करायची असेल, तर इग्लूचं चित्र असलेली चिठ्ठी पाहा. ते शिल्प इनुइट हातांनी घडवल्याची खूण म्हणून ती १९५८ पासून वापरात आहे. कारण साच्यातून काढलेल्या नकलाही पुष्कळ मिळतात. आणि पाहताना, हा माणूस प्राणी होतो आहे की प्राणी माणूस, असं विचारत बसू नका. कोरणाऱ्याला तो प्रश्न पडलेला नसतो. त्याला एवढंच ठाऊक असतं, की आत कुणीतरी आहे, आणि आज आपण जेवलो ते त्याच्या कृपेने.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)